हाताला लागलेला चिखल

आम्ही दोघे धाराशिव जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला प्रकल्प लिहावा लागतो आणि विषय ठरवण्याच्या दिवसांत विभागात नेहमीचीच नावे फिरत असतात: ग्रामीण कादंबरी, दलित आत्मकथन, संतसाहित्यातील अमुक, लोकगीतांतील तमुक. यंदा एका विद्यार्थिनीने कागदावर लिहून आणलेला विषय वाचून आम्ही एकमेकांकडे पाहिले. तिला जपानी ॲनिमे मालिकांतील पुनर्जन्मावर लिहायचे होते. "मराठीचा संबंध काय?" हा प्रश्न आमच्या तोंडून निघायच्या आत तिनेच दुसरा प्रश्न टाकला. ती म्हणाली, "सर, मॅडम, या मालिका शंभर असतील तर नव्वद सारख्याच आहेत. तोच ट्रक, तोच मृत्यू, तेच दुसरे जग. मग उरलेल्या दहा लक्षात का राहतात, एवढेच मला शोधायचे आहे."

प्रश्न चांगला होता. साहित्याच्या अभ्यासकाला पडावा असाच होता. साचा एक असूनही एखादी कृती वेगळी का ठरते, हे सांगता येत नसेल तर मग आम्ही वर्गात ओवी आणि आख्यानकाव्य तरी कोणत्या तोंडाने शिकवतो? रुक्मिणीस्वयंवरे मराठीत कितीतरी लिहिली गेली. त्यांतले एखादेच आपण का वाचतो? म्हणून आम्ही तिला आठ दिवस मागून घेतले, आणि आठाचे दोन महिने झाले. पाहिले ते पाहिले. आता त्यातून आमचे जे मत झाले आहे ते इथे मांडतो आहोत.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी साच्याची ओळख. जपानीत 'इसेकाइ' म्हणजे वेगळे जग, आणि 'तेन्सेइ' म्हणजे पुनर्जन्म. टोकियोतला एखादा एकाकी, कंटाळलेला, बहुधा बेकार तरुण अपघातात मरतो आणि जादू, राक्षस, राजेरजवाडे असलेल्या जगात पुन्हा जन्म घेतो. महत्त्वाची गोष्ट अशी, की त्याला आधीचा जन्म पूर्णपणे आठवत असतो. शिवाय बहुतेक वेळा एखादी देवता त्याला एक अचाट शक्तीही देऊन टाकते. यांतल्या पुष्कळ कथा प्रथम 'शोसेत्सुका नि नारो' या जपानी संकेतस्थळावर हौशी लेखकांनी लिहिल्या. हे स्थळ २००४ साली सुरू झाले. तिथून पुस्तके, पुस्तकांवरून चित्रकथा आणि शेवटी ॲनिमे असा त्यांचा प्रवास. क्रंचीरोलसारख्या सेवांनी काही मालिका हिंदीतही आणल्या, आणि आता तुळजापूर, उमरगा, परंड्याकडची मुलेसुद्धा त्या मोबाइलवर पाहतात.

एखादी मालिका उठून दिसते ती कशामुळे, याची उत्तरे रसिक मंडळींकडे तयार असतात. कुणी चित्रणाची सफाई सांगतो, कुणी संगीत, कुणी त्या काल्पनिक जगाच्या नकाशाची, चलनाची, जादूच्या नियमांची बारीक रचना. हे सगळे आम्हांला मान्य आहे, पण अपुरे वाटते. सफाईदार चित्रण असलेल्या आणि दुसऱ्या दिवशी विसरल्या गेलेल्या मालिका आम्ही याच दोन महिन्यांत पाहिल्या. जगाची रचना हे तर नेपथ्य आहे. नेपथ्य पाहून माणूस नाटकाला जाईल. नाटक घेऊन घरी येईलच असे नाही.

उत्तर आम्हांला अनपेक्षितपणे घराजवळ सापडले.

धाराशिव शहराजवळच्या डोंगरात लेणी आहेत. शहराचे आणि जिल्ह्याचे नाव २०२३ साली अधिकृतपणे पुन्हा धाराशिव झाले, त्या निमित्ताने या लेण्यांची आठवण पुष्कळांना झाली. जेम्स बर्जेस यांनी १८७८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुरातत्त्वीय अहवालात त्यांचे वर्णन केले आहे. ही लेणी मुळात बौद्ध की जैन, यावर अभ्यासकांची चर्चा आहे; आज तिथे जैन मूर्ती दिसतात. धाराशिवपासून काही अंतरावर तेर आहे. गोरोबाकाकांचे तेर म्हणून ते महाराष्ट्राला ठाऊक आहे. 'पेरिप्लस'मध्ये पैठणच्या बरोबरीने ज्या 'तगर' या व्यापारपेठेचा उल्लेख येतो तेही हेच. या तेरशी आणि या लेण्यांशी एक पुनर्जन्माची कथा जोडलेली आहे, आणि खेदाची गोष्ट अशी की आमच्या जिल्ह्यात ती फारशी कुणाला माहीत नाही. आम्हांलाही ती पदव्युत्तर वर्गात कुणी शिकवली नव्हती.

मुनी कनकामर यांनी अकराव्या शतकात अपभ्रंश भाषेत 'करकंडचरिउ' हे दहा संधींचे चरितकाव्य लिहिले. विदर्भातल्या कारंजा येथील जैन ग्रंथभांडारांमुळे या परंपरेतली जी हस्तलिखिते अभ्यासकांसमोर आली त्यांत ते होते. अमरावतीला संस्कृतचे अध्यापन करणारे डॉ. हीरालाल जैन यांनी १९३४ साली ते संपादित करून प्रसिद्ध केले. काव्यातले तेरापूर म्हणजे आजचे तेर, आणि त्यातली लेणी म्हणजे धाराशिवची लेणी, हे त्यांनीच दाखवले. अपभ्रंशाचा मराठीच्या जडणघडणीशी असलेला संबंध आपण भाषाशास्त्राच्या तासाला शिकवतोच, तेव्हा हे काव्य मराठीच्या विद्यार्थ्याला परके नाही.

कथा थोडक्यात अशी. चंपानगरीची राणी पद्मावती गरोदर असताना बिथरलेल्या हत्तीवरून रानात वाहून नेली जाते, राजापासून तुटते आणि स्मशानात तिला मुलगा होतो. एक मातंग त्या मुलाला वाढवतो. मुलाच्या हाताला सतत खाज असते. कर म्हणजे हात, कंडू म्हणजे खाज. म्हणून त्याचे नाव करकंडू. पुढे एका निपुत्रिक राज्याचा हत्ती त्यालाच राजा म्हणून निवडतो. तो पराक्रमी होतो, नकळत प्रत्यक्ष बापाविरुद्ध रणात उभा राहतो, आई मध्ये पडते आणि ओळख पटते. मग दक्षिणेच्या स्वारीवर असताना त्याचा तळ तेरला पडतो. तिथे डोंगरात लेणे आहे आणि वर एक वारूळ आहे. एक रानहत्ती रोज सोंडेत पाणी आणि कमळ आणून त्या वारुळाची पूजा करतो. करकंडू वारूळ खणवतो, आत पार्श्वनाथांची मूर्ती निघते. लेण्यातल्या मूर्तीच्या आसनावर एक गाठ त्याला दिसते. ती शोभा बिघडवते म्हणून तो फोडायला सांगतो. म्हातारा कारागीर सांगतो, लेणे कोरताना इथे पाण्याचा झरा लागला होता, तो बुजवण्यासाठी ही गाठ ठेवली आहे. राजाचे कुतूहल ऐकत नाही. गाठ फुटते, पाणी उसळते, लेणे भरून जाते, आणि राजाला पश्चात्ताप होतो. भरपाई म्हणून तो वर नवी लेणी कोरवतो.

या साऱ्या पराक्रमानंतर, कथा संपत आली असताना, एक मुनी त्याला त्याचा मागचा जन्म सांगतो. मागच्या जन्मी करकंडू याच तेरचा धनदत्त नावाचा गुराखी होता. त्याने तळ्यातले सहस्रदळी कमळ तोडले. तळ्याच्या नागदेवाने त्याला बजावले, की हे फूल जो सर्वांत श्रेष्ठ असेल त्यालाच वाहा. गुराख्याला आपला धनी श्रेष्ठ वाटला. धन्याने त्याला राजाकडे नेले, राजाने मुनीकडे, मुनीने जिनेश्वराकडे. गुराख्याने फूल वाहिले, पण हात तळ्यातल्या चिखलाने माखलेलेच होते. फूल वाहिले म्हणून त्याला या जन्मी राज्य मिळाले. हातांना चिखल होता म्हणून हाताला खाज मिळाली.

आम्हांला हवे होते ते उत्तर या शेवटच्या वाक्यात आहे असे आम्ही मानतो. राज्य आणि खाज ही एकाच कृतीची फळे आहेत. त्यांतले एक घेऊन दुसरे टाकून देता येत नाही. आणि नायकाला आपण सगळे ज्या नावाने ओळखतो ते नाव राज्यावरून पडलेले नाही. खाजेवरून पडलेले आहे.

आता सर्वसाधारण इसेकाइ मालिका पाहा. तिथे पूर्वजन्म हे भांडवल असते. मागच्या जन्मी वाचलेले, खेळलेले, शिकलेले सगळे नायक नव्या जगात गुंतवतो आणि व्याजासह वसूल करतो. तिथल्या लोकांना अंडयातेलाची चटणी ठाऊक नसते, याला असते; तिथल्यांना शेतीतले फेरपालट ठाऊक नसते, याला असते. मागच्या जन्माचा चिखल मात्र मृत्यूच्या क्षणी धुऊन निघालेला असतो. आईबापांना कळले का, कुणी रडले का, कुणाचे काय द्यायचे राहिले, यांतला एकही प्रश्न पुढच्या बारा भागांत उठत नाही. राज्य आहे, खाज नाही. शंभरातल्या नव्वद सारख्या वाटतात त्या यामुळे. हिशेबात फक्त जमेची बाजू असली की सगळ्या वह्या सारख्याच दिसणार.

दुसरा फरक रचनेचा आहे आणि तो विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात घ्यावा असा आहे. करकंडूला पूर्वजन्म शेवटी कळतो. इसेकाइच्या नायकाला तो पहिल्याच प्रसंगात आठवत असतो. करकंडू तेरला येतो तेव्हा त्याला ठाऊक नसते की या रानात आपण गुरे राखली होती. वाचकालाही ठाऊक नसते. ते कळल्यावर मागचे सारे प्रसंग उलट दिशेने उजळतात आणि राजा सिंहासन सोडून निघतो. स्मृती शेवटी ठेवली की तिची परिणती विरक्तीत होते. स्मृती आरंभी ठेवली की तिची परिणती जिंकण्यात होते. कथेत माहिती कुठे ठेवायची, या एका निर्णयाने कथेची सारी नीती बदलते, याचे याहून सोपे उदाहरण आम्हांला ठाऊक नाही.

म्हणजे आरंभीच स्मृती देणाऱ्या या जपानी कथा मुळातच उथळ आहेत, असे आम्हांला म्हणायचे आहे का? नाही. उत्तम मालिका इथेच आपली वाट काढतात. त्या नायकाला पूर्वजन्म पहिल्या दिवशी आठवू देतात. कळू मात्र देत नाहीत. आठवणे आणि कळणे यांत त्या पुष्कळ अंतर ठेवतात, आणि त्या अंतरात मालिका घडते. आमचे मत एका वाक्यात सांगायचे तर ते हे आहे. त्याची तीन उदाहरणे देतो.

पहिले 'मुशोकु तेन्सेइ'. रिफुजिन ना मागोनोते या टोपणनावाच्या लेखकाने ही कादंबरी २०१२ ते २०१५ या काळात वर उल्लेखिलेल्या संकेतस्थळावर लिहिली; ॲनिमे जानेवारी २०२१ मध्ये आले. नायक ३४ वर्षांचा, वर्षानुवर्षे खोलीबाहेर न पडलेला माणूस आहे. आईबापांच्या अंत्यविधीलाही तो खोलीतून उठला नाही, म्हणून भावंडे त्याला घराबाहेर काढतात आणि त्याच दिवशी तो ट्रकखाली मरतो. नव्या जगात तो रूडियस नावाचे बाळ होऊन जन्मतो. जादूची देणगी आहे, प्रेमळ आईबाप आहेत, तरी हा मुलगा अंगणाबाहेर पाऊल टाकू शकत नाही. शरीर नवे आहे. भीती जुनी आहे. त्याची शिक्षिका रॉक्सी परीक्षेच्या निमित्ताने त्याला घोड्यावर बसवून गावातून नेते, आणि रस्त्यावरचे लोक आपल्याकडे तिरस्काराने पाहत नाहीत हे त्याला प्रथमच दिसते. एवढाच प्रसंग, पण पूर्वजन्मीचा चिखल हातावर दिसतो तो इथे. पुढे दुसऱ्या पर्वाच्या अखेरीस, २०२४ साली प्रसारित झालेल्या भागांत, त्याचा या जन्मीचा बाप पत्नीची सुटका करताना मरतो आणि सुटलेली आई कुणालाच ओळखत नाही. या जन्मीही आपण मनाने अर्धे बाहेरच उभे होतो, आपण मुलगा झालोच नव्हतो, हे रूडियसला तेव्हा कळते. मागच्या जन्मी जे रडणे राहून गेले होते ते दोन्ही आईबापांसाठी मिळून इथे येते, असे आम्हांला वाटले.

याच मालिकेवर आमचा आक्षेपही आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. नायकाची स्त्रियांकडे आणि लहान मुलींकडे पाहण्याची दृष्टी विकृत आहे, आणि मालिका ती पुष्कळदा विनोदात काढते. हाही चिखलच दाखवला आहे, असा बचाव काही चाहते करतात. तो आम्हांला पटत नाही. चिखल दाखवला असता तर त्याची खाज नायकाला झाली असती. इथे ती फक्त प्रेक्षकाला होते. मालिका जिथे आपल्याच कसोटीला उतरत नाही तिथे तसे स्पष्ट म्हटले पाहिजे.

दुसरे उदाहरण मिया काझुकि या लेखिकेचे 'होन्झुकि नो गेकोकुजो'. हिचे ॲनिमे २०१९ मध्ये सुरू झाले. पुस्तकवेडी उरानो भूकंपात पुस्तकांच्याच ढिगाखाली मरते आणि एका शिपायाच्या घरात माइन नावाची पाच वर्षांची आजारी मुलगी होऊन उठते. त्या जगात पुस्तके फक्त उमरावांकडे आहेत. तेव्हा ही पोर स्वतःच कागद करायला निघते: गवताच्या चोया विणून पाहते, मातीच्या पाट्या करते, लाकडाच्या पट्ट्या करते, एकेक प्रयत्न फसतो, अंगात ताप भरतो, आणि मग पुन्हा. पूर्वजन्मीचे ज्ञान आहे पण हातात बळ नाही, पैसा नाही, प्रतिष्ठा नाही. भांडवल असूनही ते वटत नाही. आपल्याकडे पहिल्या पिढीत शिकायला आलेल्या मुलांना हे सांगावे लागत नाही.

पण ही मालिका वेगळी ठरते ती आणखी एका प्रश्नामुळे. उरानो ज्या देहात आली त्या देहातली खरी माइन कुठे गेली? माइनचा मित्र लुट्झ याला संशय येतो. तू माइन नाहीस, आमची माइन परत दे, असे तो संतापून म्हणतो. आणि या मुलीकडे उत्तर नसते. मराठीच्या विद्यार्थ्याला हा पेच अनोळखी नसावा. महानुभाव परंपरेनुसार भडोचच्या प्रधानाचा मुलगा हरिपाळदेव वारला आणि त्याच्या देहात श्रीचांगदेव राऊळांनी प्रवेश केला. तेच पुढे श्रीचक्रधर. 'लीळाचरित्रा'च्या 'एकांका'त ही हकीकत आहे आणि तिथे हरिपाळदेवाची पत्नी कमळाइसाही आहे. श्रद्धेच्या दृष्टीने तो अवतार आहे आणि तिचा आदर राखूनच आम्ही हे लिहितो आहोत. साहित्याच्या दृष्टीने मात्र आम्हांला नेहमी वाटत आले आहे, की त्या घरातल्या माणसांना काय वाटले असेल हा प्रश्न ते गद्य वाचकाच्या मनात ठेवून जाते. 'होन्झुकि'ने तोच प्रश्न एका लहान मुलाच्या तोंडी दिला. त्याच मालिकेच्या दुसऱ्या पर्वात, २०२० साली, एक धर्माधिकारी जादूच्या साधनाने माइनच्या स्मृतीत शिरतो, आणि त्या निमित्ताने तिला जपानमधले घर, आईच्या हातचे जेवण पुन्हा दिसते. जिवंतपणी आपण पुस्तकातून मान वर करून आईकडे पाहिलेच नाही, हे तिला तेव्हा कळते. आठवत तर पहिल्या दिवसापासून होते.

तिसरे उदाहरण मुद्दाम हलक्याफुलक्या मालिकेचे घेतो. फुसे यांच्या कथेवरची स्लाइमची मालिका २०१८ च्या ऑक्टोबरात सुरू झाली आणि फार लोकप्रिय झाली. ३७ वर्षांचा सातोरु मिकामि सुरीहल्ल्यात मरतो आणि गुहेत लिबलिबीत गोळा होऊन जन्मतो. पुढे तो रिमुरु या नावाने राज्य उभारतो. भांडवलवाढीची कथा म्हणावी ती हीच. तरी ती उरलेल्या दहांत का बसते? आमच्या मते शिझुए या स्त्रीमुळे. युद्धातल्या बॉम्बहल्ल्यातून लहानपणीच त्या जगात ओढली गेलेली ही स्त्री रिमुरुच्या समोर मरते, आपल्याला गिळून टाक असे त्याला सांगते, आणि तिचे मानवी रूप रिमुरुला मिळते. त्या रूपाबरोबर तिच्या मागे राहिलेल्या पाच शिष्यांची जबाबदारीही त्याच्याकडे येते आणि तो ती पार पाडतो. गोड, निर्धास्त नायकाच्या चेहऱ्यावर दुसऱ्या कुणाचे देणे आहे. पुढची पर्वे राजकारणात आणि बैठकांत लांबत गेली, तेव्हा हे देणे मागे पडले. मालिकाही आम्हांला तेवढीच पातळ वाटली.

इथवर वाचून एक गंभीर आक्षेप घेता येईल आणि तो आम्हीच आमच्यावर घेतो. पूर्वजन्मीचे देणे, पूर्वजन्मीचा चिखल, या भाषेने आपल्या समाजात काय केले आहे हे धाराशिवात बसून विसरता येणार नाही. कुणी अस्पृश्य का, कुणी विधवा का, कुणी पांगळा का, या प्रत्येक प्रश्नावर "मागच्या जन्मीचे पाप" हे उत्तर शतकानुशतके दिले गेले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात गतजन्मीच्या कर्माची ही कल्पना नाकारली ती याच कारणाने: ती मान्य केली की समाजाची जबाबदारीच संपते. करकंडूच्या कथेतही आईबापांच्या ताटातुटीला, पत्नीच्या अपहरणाला मागच्या जन्मांतली कारणे दिली जातात. ती वाचताना आम्हांला अवघडल्यासारखे होते, आणि व्हायला हवे.

म्हणून एक भेद करणे आवश्यक आहे. दुसऱ्याच्या दुःखाकडे बोट दाखवून "हे तुझ्या मागच्या जन्माचे" म्हणणे हा अन्याय आहे. स्वतःच्या हाताकडे पाहून "हा चिखल माझा" म्हणणे ही नीती आहे. आम्ही ज्या मालिकांना चांगले म्हणतो त्यांत हिशेब नायक स्वतःपुरता मांडतो. माइन तिच्या तापाचे खापर गतजन्मावर फोडत नाही. आईकडे न पाहिल्याची रुखरुख मात्र ती बाळगते. पुनर्जन्म ही श्रद्धा म्हणून मानावी की नाही, हा प्रश्न आमच्या चर्चेबाहेरचा आहे. कथेतली युक्ती म्हणून ती या एका कामाला येते: माणसाला स्वतःच्या आयुष्याकडे परत पाहण्यासाठी पुरेसे लांब उभे करण्याच्या.

या चर्चेला आमच्यापुरती आणखी एक बाजू आहे, आणि खरे तर तिच्यामुळेच हा लेख लिहिला. आमचा जिल्हा पर्जन्यछायेतला आहे. शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांत त्याचे नाव वर्षानुवर्षे येत आले आहे. आमच्या वर्गांत अशा घरांतली मुले बसतात आणि हजेरी घेताना ती कोणती हे आम्हांला ठाऊक असते. त्याच वर्गात स्पर्धा परीक्षांच्या पाचव्या-सहाव्या प्रयत्नात असलेली, वय वाढत चाललेली मुलेही असतात. "या जन्मी काही जमत नाही, सर, पुढच्या जन्मी बघू," हे वाक्य आम्ही हसण्यावारी ऐकलेले आहे आणि हसल्यावर घरी जाऊन अस्वस्थही झालो आहोत. मरण म्हणजे दार. ते उघडले की पलीकडे गुण, मान, प्रेम सगळे तयार. आणि अलीकडे मागे राहिलेले कुणीच नाही, अशी कथा अशा वर्गात रोज पाहिली जाते. मालिका पाहून कुणी काही करून बसतो असला बाष्कळ दावा आम्ही करणार नाही. ॲनिमेवर बंदी घाला असे म्हणणाऱ्यांतलेही आम्ही नाही. थकलेल्या मुलाने रात्री अर्धा तास दुसऱ्या जगात जाऊन यावे, त्यात गैर काही नाही. आमच्या पिढीने हेच बाबुराव अर्नाळकरांच्या आणि नाथमाधवांच्या पुस्तकांत केले.

पण मागे राहिलेली माणसे ज्या कथेत दिसतात ती कथा आणि ज्या कथेत ती पुसली जातात ती कथा, यांत फरक आहे. तो सांगणे हे साहित्य शिकवणाऱ्याचे काम आहे असे आम्ही समजतो. आईच्या हातचे जेवण आठवून रडणारी माइन पाहिलेल्या मुलाला निदान इतके कळते, की दाराच्या अलीकडेही कुणीतरी ताट वाढून बसलेले असते. हे कळणे किती मोलाचे आहे ते ज्या घरातून कुणी असे उठून गेले त्या घराला विचारावे.

आमच्या त्या विद्यार्थिनीचा विषय विभागाने मान्य केला. अट एकच घातली: करकंडूची कथा प्रकल्पात आली पाहिजे आणि ती पुस्तकातून उचलण्याआधी लेणी डोळ्यांनी पाहून आली पाहिजेत. एका रविवारी ती दोन मैत्रिणींना घेऊन गेली. सोमवारी आम्ही विचारले, काय दिसले? ती म्हणाली, "मॅडम, डोंगर उतरताना एक गुराखी भेटला. करकंडू राजा माहीत आहे का म्हणून विचारले. तो म्हणाला, नाही, पण म्हशी पाण्यात बसल्यात, तेवढ्या काढायला हात लावता का?" तिघींनी लावला. तिचा सलवार गुडघ्यापर्यंत भरला होता, एवढे तिने हसत सांगितले आणि पहिल्या प्रकरणाचा आराखडा टेबलावर ठेवला.